सप्तकोटीश्वराची संख्या

डिचोली महालातील नार्वे गावी श्रीसप्तकोटीश्वराचे जे देवालय आहे, त्याच्या दर्शनास गोमंतकातील असंख्य भाविक जातात. देवाचे नाव उच्चारताना आपण एक संख्या उच्चारीत आहोत, ह्याचे भान मात्र त्यांपैकी थोड्यांनाच असते. मंगेश, शांतादुर्गा, नागेश, भगवती ह्या नावांत स्थळ आहे, स्वभाव आहे, कथा आहे. सप्तकोटीश्वर हे नाव त्यांच्याहून निराळे. त्यात प्रथम आकडा आहे आणि मग ईश्वर. सात कोटींचा ईश्वर! पण सात कोटी कसले? आणि सातच कोटी का?

हा प्रश्न कोणा वडीलधाऱ्यास विचारला, तर बहुधा एकच उत्तर मिळते : सात कोटी म्हणजे पुष्कळ, मेजूंक जायनात इतले. हे उत्तर भक्तीच्या दृष्टीने पुरेसे असेल. पण ते खरे नव्हे. सात कोटी ही मोजता येणारी, नेमकी संख्या आहे. जैन ग्रंथकारांनी संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन मोठे वर्ग केले, त्यांत सात कोटींचे स्थान पहिल्याच वर्गात पडते. दर पळाला नव्हे, सेकंदाला एक ह्याप्रमाणे कोणी रात्रंदिवस न थांबता मोजीत बसला, तर आठशे अकराव्या दिवशी त्याचे मोजणे संपेल. म्हणजे सव्वादोन वर्षांचेही काम नाही. जी संख्या एका माणसाच्या आयुष्यात मोजून होते, तिला अगणित म्हणणे हा आळस आहे.

दुसरे एक उत्तर अलीकडे सुशिक्षितांत प्रचलित झाले आहे. ते म्हणतात, कोटी म्हणजे दशलक्षाची दहापट नव्हे. कोटी म्हणजे प्रकार, श्रेणी. तेहतीस कोटी देव म्हणजे तेहतीस प्रकारचे देव. तद्वत सप्तकोटी म्हणजे सात प्रकार. तेहतीसांच्या बाबतीत ह्या म्हणण्यास आधार आहे, हे कबूल केले पाहिजे. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती मिळून तेहतीस होतात, आणि बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्याने देवांची गणना हजारांपासून उतरवीत तेहतीसांवर आणि शेवटी एकावर आणली आहे. परंतु सप्तकोटीश्वराच्या बाबतीत असे सात प्रकार कोणी मोजून दाखविलेले नाहीत. उलट, परंपरेची कथा स्पष्टपणे वर्षांची भाषा बोलते. सप्तर्षींनी दिवाडी बेटावर सात कोटी वर्षे तप केले, शंकर प्रसन्न झाले, आणि त्या तपाच्या संख्येवरून त्यांस सप्तकोटीश्वर हे नाव पडले, अशी ती कथा. मोठा आकडा ऐकून कोणी हसेल ह्या भयाने शब्दाचा अर्थच बदलून टाकणे मला प्रशस्त वाटत नाही. पूर्वजांनी आकडा सांगितला असेल, तर तो आकडा म्हणूनच तपासावा.

कोटी हा शब्द एकावर सात शून्ये ह्या अर्थी आपल्याकडे केव्हा स्थिरावला? यजुर्वेदात एकापासून परार्धापर्यंत दहाच्या पटीने चढत जाणारी संख्यांची नावे आहेत. तेथे एकावर सात शून्यांना अर्बुद म्हटले आहे, कोटी नव्हे. पुढे इ. स. ४९९ मध्ये ग्रंथ रचणाऱ्या आर्यभटाने जी दहा स्थाने दिली, त्यांत आठवे स्थान कोटीचे आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीत ही स्थाने अठरापर्यंत नेली. तेथेही कोटी आठवीच, आणि परार्ध एकावर सतरा शून्यांचे. लीलावतीचा काळ शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराचा.

हा सन गोमंतकीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण त्याच्या दोन-तीन वर्षे आधी गोव्याच्या गादीवर शिवचित्त पेर्माडी हा कदंब राजा आला होता. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर एका बाजूस सिंह, आणि दुसऱ्या बाजूस ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद. सप्तकोटीश्वरापासून ज्यास वरप्रसाद मिळाला तो, असा त्याचा अर्थ. म्हणजे सह्याद्रीच्या एका अंगास भास्कराचार्य विद्यार्थ्यांना कोटीचे स्थान शिकवीत असताना, दुसऱ्या अंगास गोव्याच्या बाजारात लोक तीच कोटी सोन्यावर कोरलेली हाताळीत होते. एका पूर्ण संख्येचे नाव राजमुद्रेवर धारण करणारी नाणी जगात फार नसतील. नाण्याचे मोल त्याच्या वजनावरून ठरे. पण त्यावर लिहिलेली संख्या त्या मोलाच्या कितीतरी पलीकडची होती!

ह्या देवस्थानावर आलेली संकटे वाचकांस ठाऊक आहेत. तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. मूळ देवालय दिवाडी बेटावरील नार्वे येथे. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या राज्यातील माधवमंत्र्याने गोवे जिंकून घेतल्यावर त्याच शतकात लिंगाची पुनःस्थापना केली. १५४० च्या सुमारास पोर्तुगेजांच्या अमलात देवालय पुन्हा पाडले गेले आणि त्या जागी कॅन्देलारिया मातेचे कपेल उभे राहिले. लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या रहाटास लावले होते, असे सांगतात. तेथून भाविकांनी ते गुप्तपणे उचलून नदीपार डिचोलीच्या मुलखात आणले. ती भूमी तेव्हा पोर्तुगेजांच्या हाती नव्हती. डिचोली त्यांच्याकडे १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये गेले, आणि तोवर देवळे पाडण्याचे पर्व मागे पडले होते. आज पेडण्या-डिचोलीत जुनी देवळे आपापल्या जागी दिसतात, त्याचे कारण ह्या दोन सनांत आहे. नदीपार आलेल्या देवाबरोबर गावाचे नावही आले, म्हणून नार्वे इकडेही झाले. शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ साली, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाचे काम सुरू झाले. त्याचा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा भक्तांसाठी खुले झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू : सातच कोटी का? कथेत ऋषी सात, म्हणून कोटी सात, हे उघड दिसते. पण ह्यामागे आपल्या जपविधीतील एक जुनी रीत असावी, असा माझा तर्क आहे. मंत्राच्या पुरश्चरणात मंत्रास जितकी अक्षरे तितके लक्ष जप, ही अक्षरलक्षाची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी येथे त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. अक्षरे तेरा आणि कोटीही तेरा. मूळ संख्या लहान आणि पवित्र. तिला लक्षाने किंवा कोटीने गुणावयाचे. शैव आगमांतही सात कोटी महामंत्रांची कल्पना आढळते. तेव्हा सात ऋषींना सात कोटी वर्षे देणारा कथाकार मनास येईल तो आकडा फेकीत नव्हता. तो एका ठरीव मापाने माप घालीत होता.

आणि गंमत अशी की, हे माप पुराणांच्या कालगणनेत बरोबर बसते. एक महायुग त्रेचाळीस लक्ष वीस हजार वर्षांचे. सोळा महायुगांची वर्षे ६,९१,२०,००० होतात. सात कोटींस आणखी ८,८०,००० लागतात. म्हणजे सप्तर्षींचे तप सोळा महायुगे पुरी होऊन सतराव्यात संपले. सप्तर्षी हे पद मन्वंतरागणिक बदलते, हे जाणत्यांस ठाऊक आहे. एका मन्वंतरात एकाहत्तर महायुगे, म्हणजे ३०,६७,२०,००० वर्षे. सात कोटी त्याच्या चौथाईहूनही कमी. चालू वैवस्वत मन्वंतराची सत्तावीस महायुगे सरून अठ्ठाविसावे चालू आहे; म्हणजे अकरा कोटी सासष्ट लक्षांहून अधिक वर्षे आधीच झाली. एकाच मन्वंतरातील सात ऋषींना सात कोटी वर्षे तपास मिळणे, पुराणांचाच हिशेब धरल्यास, पूर्णपणे शक्य आहे. कथाकाराने सत्तर कोटी म्हटले असते, तर मध्येच दोनदा ऋषी बदलावे लागले असते! हा हिशेब करूनच त्याने सात कोटी निवडले, असे मी म्हणणार नाही. पण जो आकडा पुष्कळच्या अर्थी उगाच घातला असे आपण समजत होतो, तो निदान आपल्या घरातल्या गणिताशी भांडत नाही.

पेडणे-डिचोलीच्या देवळांच्या अग्रशाळांत एके काळी ज्या मराठी शाळा भरत, त्यांत मुलांकडून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ह्यांच्याबरोबर औटकीही म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. औटकीच्या दुसऱ्याच पायरीवर सात येतात. हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या परंपरेत साडेतीन कोटी ही संख्या वारंवार भेटते. तीर्थे साडेतीन कोटी, माणसाच्या अंगावरील रोम साडेतीन कोटी. सात कोटी म्हणजे ह्या औट कोटीची दुप्पट. पोर्तुगेज रीतीने हीच संख्या लिहिली की ती सत्तर दशलक्ष होते, स्वल्पविराम निराळ्या जागी पडतात आणि सात हा आकडा सत्तराच्या आड लपतो. संख्या तीच, पण तिचा चेहरा आपल्याच मोजणीत दिसतो.

हा चेहरा जरा जवळून पाहू. सात कोटी लिहिताना सातावर सात शून्ये येतात. कोटी म्हणजे दहाचा सातवा घात. म्हणून सप्तकोटीत सात दोनदा आहेत, एकदा उघड आणि एकदा शून्यांच्या संख्येत. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. तेव्हा सात कोटी म्हणजे सात वेळा दोन, सात वेळा पाच आणि एकदा सात, ह्या सर्वांचा गुणाकार. चौथा कोणताही मूळ अवयव तिच्यात नाही. ह्या संख्येस निःशेष भागणाऱ्या संख्या किती? दोनाचा घात शून्यापासून सातापर्यंत आठ प्रकारे घेता येतो, पाचाचाही आठ प्रकारे, आणि सात घ्यावे किंवा न घ्यावे असे दोन प्रकार. आठ गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे १२८ विभाजक. आणि १२८ म्हणजे तरी काय? दोनाचा सातवा घात! येथेही सात हजर आहेत.

तीन हा अवयव नसल्यामुळे काही व्यवहार ह्या संख्येशी जमत नाहीत. एकशे आठ मण्यांच्या माळेने सात कोटी जप करावयास घेतला, तर ६,४८,१४८ माळा पुऱ्या होतात आणि सोळा मणी उरतात. मेरूपाशी येऊन थांबणे ह्या संख्येच्या नशिबी नाही. बारा वांगडांत सात कोटी वाटावयाचे म्हटले, तर प्रत्येकास ५८,३३,३३३ येऊन चार शिल्लक राहतील. ते चार देवाच्या पेटीत टाकावेत, म्हणजे तंटा नको.

ग्रीक गणिती निकोमाखस ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्ण संख्यांचे तीन वर्ग केले. संख्येचे, ती स्वतः सोडून, सर्व विभाजक मिळवावेत. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, कमी आली तर न्यून, अधिक आली तर विपुल. सहा ही परिपूर्ण, कारण एक, दोन आणि तीन मिळून सहाच होतात, अठ्ठावीसही तशीच. सात कोटींच्या विभाजकांची बेरीज, सात कोटी सोडून, १२,९२,१८,२४० येते. म्हणून ती विपुल. निकोमाखसाला विपुल संख्या आवडत नसत. अनेक तोंडांच्या किंवा शंभर हातांच्या प्राण्यासारख्या त्या अतिरेकी आहेत, असे तो म्हणतो. आपल्या देवळांतील मूर्ती त्याने पाहिल्या असत्या, तर ही उपमा त्याने निंदेसाठी वापरली असती की स्तुतीसाठी, कोण जाणे!

१९४८ साली ए. के. श्रीनिवासन ह्या भारतीय गणित्याने आणखी एक वर्ग सुचविला. त्यास व्यवहारी संख्या म्हणता येईल. ज्या संख्येच्या विभाजकांतून काही निवडून, कोणताही विभाजक दोनदा न घेता, तिच्याहून लहान अशी प्रत्येक संख्या बेरजेने बनविता येते, ती व्यवहारी. सोळा ही अशी आहे : एक, दोन, चार, आठ ह्यांतून पंधरापर्यंत सर्व आकडे बनतात. दहा मात्र नाही. एक, दोन, पाच ह्यांतून चार काही केल्या बनत नाहीत. सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर पूर्वजांनी का पत्करला, ह्याचे एक उत्तर ह्यात आहे. सात कोटी ही व्यवहारी आहे. आपल्या १२८ विभाजकांपैकी योग्य ते निवडून ती आपल्याखालची एकूण एक संख्या उभी करू शकते. एक वगळता येत नाही, एक सुटत नाही.

परंतु ह्या विषयात ज्यांचे नाव मराठी माणसाने सर्वांआधी घ्यावे, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूस. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळामास्तर होते. विद्यापीठातील पीठ नाही, मोठा पगार नाही. अंकांचा नाद मात्र असा की त्यास छंद म्हणावे की तप, हा प्रश्न पडावा. चार आकड्यांच्या संख्यांतून नेहमी ६१७४ वर नेणारी त्यांची क्रिया आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्वदेशातील काही विद्वानांनी त्यांच्या कामाकडे पोरखेळ म्हणून पाहिले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर ह्यांनी आपल्या वाचकप्रिय सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. १९८६ मध्ये ते वारले.

कापरेकरांनी संख्यांच्या ज्या जाती पाडल्या, त्यांतील एकीस त्यांनी हर्षद हे गोड संस्कृत नाव दिले. आपल्याच अंकांच्या बेरजेने जी निःशेष भागली जाते ती हर्षद, आनंद देणारी. सात कोटींच्या अंकांची बेरीज सात. आणि साताने सात कोटी भागले की एक कोटी उरतात. म्हणून सप्तकोटी हर्षद आहे. हे फार सोपे झाले. हर्षद संख्या पुष्कळ आहेत, आणि कोणत्याही एका आकड्यावर शून्ये चढविली की हर्षद संख्या मिळते. ह्यावरून कोणी चमत्कार सांगू लागला, तर त्यास आवरावे.

दुसरी जात अधिक खोल आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या जन्मते. बारात एक अधिक दोन, म्हणजे तीन, मिळविले की पंधरा. बारा ही पंधरांची जनक. एकशे एक ह्या संख्येस दोन जनक आहेत, एक्याण्णव आणि शंभर. पण काही संख्या अशा आहेत की त्यांस जनकच नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून वीस येत नाहीत. एकतीस येत नाहीत. बेचाळीस येत नाहीत. ह्या संख्यांवर कापरेकरांनी १९६३ साली देवळालीहून पुस्तिका प्रसिद्ध केली. आपण त्यांस स्वयंभू म्हणू. देवळांच्या प्रदेशात दुसरा शब्द सुचणे कठीण.

एक अंकी सात ही संख्या स्वयंभू आहे. मग सप्तकोटी स्वयंभू आहे काय? सप्तकोटीश्वराचे लिंग स्वयंभू मानीत नाहीत. ते सप्तधातूंचे, घडविलेले, असे परंपरा सांगते. संख्येचे काय? हे पाटी-पेन्सिल घेऊन ठरविता येते. सात कोटींचा जनक असलाच, तर तो सात कोटींच्या थोडा खाली, सहावर बरेच नऊ असलेल्या संख्यांत सापडला पाहिजे. ६,९९,९९,९०० ह्या संख्येच्या अंकांची बेरीज एक्कावन्न. दोन्ही मिळून ६,९९,९९,९५१. सात कोटींस एकोणपन्नास कमी. शेवटच्या दोन शून्यांच्या जागी दशकाचा एक आणि एककाचा एक आकडा घातला, तर दशकाचा प्रत्येक आकडा अकराने आणि एककाचा प्रत्येक आकडा दोनाने बेरीज वाढवितो. अकराच्या आणि दोनाच्या पटीने एकोणपन्नास भरावयाचे. दशकात तीन घेतले की तेहतीस, उरले सोळा, म्हणून एककात आठ. दुसरी कोणतीही जोडी जमत नाही. आणि त्याखालच्या शंभरांत शोधले, तर कमीत कमी दीडशेंची भर लागते, जी दोन आकड्यांनी येऊच शकत नाही. तेव्हा सात कोटींस जनक आहे, आणि तो एकच : ६,९९,९९,९३८. त्याच्या अंकांची बेरीज बासष्ट, मिळवून पाहावी.

सप्तकोटी स्वयंभू नाही, हे येथे ठरले. पण वंशावळ लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांस एका पिढीवर थांबवत नाही. ह्या जनकाचा जनक कोण? त्याच रीतीने शोधले असता ६,९९,९९,८८० सापडतो, अंक अठ्ठावन्न. त्याचा जनक ६,९९,९९,८२४, अंक छप्पन्न. प्रत्येक पिढीस जनक एकेकच, शाखा नाही. आणि ६,९९,९९,८२४ चा जनक? येथे पेन्सिल थांबते. खालच्या शंभरांतून पाहिले तर पंचाहत्तरांची भर हवी. दशकात पाच घेतले तर एककात दहा लागतात, आणि दहा हा काही अंक नव्हे. बाकीचे पर्याय त्याहून वाईट. ह्या संख्येस जनक नाही. ती स्वयंभू आहे.

म्हणजे सप्तकोटीच्या तीन पिढ्या वर गेले की स्वयंभू मूळपुरुष भेटतो, आणि तेथून तिघांच्या हातांतून ती खाली येते. हे वाचून ज्यांस माधवमंत्री, रातोरात नदी ओलांडणारे अनाम भाविक आणि शिवछत्रपती आठवतील, त्यांस मी दोष देणार नाही; मलाही आठवले. परंतु ज्यांनी हे नाव देवास दिले त्यांना ही वंशावळ ठाऊक नव्हती, आणि दहाच्याऐवजी बाराच्या पटीने आपण मोजीत असतो तर ती निराळीच झाली असती. संख्येचा हा गुण तिच्या लिहिण्याच्या रीतीत आहे, देवाच्या महिम्यात नाही. देवाचा महिमा सांगावयास त्या अनामिकांचे धैर्य पुरते. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

ज्यांस पेन्सिल हाती धरण्याची हौस असेल, त्यांच्यासाठी शेवटी एक गोष्ट. सातावर दोन शून्ये चढविली, तर ७०० चा जनक ६८३. सात हजारांचा ६,९७४. सत्तर हजारांचा ६९,९६५. सात लक्षांचा ६,९९,९५६. सत्तर लक्षांचा ६९,९९,९४७. सात कोटींचा, आपण पाहिला तो, ६,९९,९९,९३८. सत्तर कोटींचा ६९,९९,९९,९२९. शेवटचे दोन आकडे पाहावेत : त्र्याऐंशी, चौऱ्याहत्तर, पासष्ट, छप्पन्न, सत्तेचाळीस, अडतीस, एकोणतीस. दर पायरीस नऊ कमी. पुढील पायरी सातशे कोटींची. तेथे एकोणतिसांतून नऊ वजा करून वीस घेऊन पाहावे. बेरीज जमत नाही. दुसरे कोणते दोन आकडे घेऊन पाहावेत. तेही जमत नाहीत. शून्ये चढता चढता जनकांची ही शिडी सातशे कोटींपाशी तुटते, आणि ती संख्या स्वयंभू निघते. तिच्या नावाचे देवालय मात्र कोठे ऐकिवात नाही.